घराची डागडुजी स्वतः करताय? थापी उचलण्याआधी या चुका टाळा

गणपती पंधरवड्यावर आले की बेळगाव, खानापूर, निपाणीतल्या हार्डवेअर दुकानांतून पुट्टीच्या पिशव्या आणि रंगाचे डबे भराभर घरोघरी जातात. भिंत मात्र तोवर दोन-अडीच महिने पाऊस पिऊन बसलेली असते. तिच्यावर चढवलेला रंग दिवाळीपर्यंत पोपडे धरतो आणि शिव्या रंगाच्या कंपनीला बसतात. या भागात घरच्या घरी केलेली दुरुस्ती फसण्यामागे बहुतेक वेळा दोनच कारणं असतात: पाणी जिथे दिसतं तिथेच काम केलं जातं, ते येतं कुठून हे कुणी बघत नाही, आणि केलेलं काम वाळायला वेळ मिळत नाही.

एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात टिकणारा उपाय आणि अथणीच्या काळ्या मातीत लागणारा उपाय वेगळे आहेत. खानापूरच्या पाहुण्यांनी सांगितलेलं औषध रायबागच्या घराला लागू पडेलच असं नाही.

ओल्या भिंतीवर पुट्टी

सगळ्यांत जास्त पैसे इथे वाया जातात. भिंत हाताला कोरडी लागली म्हणजे ती आतून कोरडी असतेच असं नाही. साधी परीक्षा करा. साधारण एक फूट लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि २४ ते ४८ तास तसाच राहू द्या. प्लॅस्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला दमटपणा दिसला तर तो खोलीतल्या हवेचा, त्याला खिडकी उघडी ठेवणं हाच उपाय. पहिल्या प्रकारात पुट्टीची पिशवी उघडूच नका.

मग ओलीची उंची बघा. जमिनीपासून गुडघ्या-कमरेपर्यंत पट्टा असेल आणि त्यावर पांढरा लोणा फुलला असेल तर पाणी घराच्या पायातून वर चढतंय. अशा घरांत बाहेर जाऊन बघितलं की बऱ्याचदा कारण सापडतं: जोत्याच्या वर चढलेली बागेची माती, भिंतीला टेकवलेला विटांचा ढीग, किंवा पन्हळीचं पाणी थेट भिंतीच्या बुडाशी पडणं. माती जोत्याच्या किमान वीतभर खाली आणा, पाणी पाईपने लांब न्या. एवढ्यावर निम्मी कामं सुटतात. पट्टा खिडकीखाली असेल तर छज्जा आणि चौकटीचा सांधा तपासा. छताजवळ असेल तर दोष वर गच्चीत आहे.

लोणा पाण्याने धुणं ही नेहमीची चूक. क्षार पाण्यात विरघळतात, पुन्हा भिंतीत मुरतात आणि वाळताना परत बाहेर येतात. कोरड्या तारेच्या ब्रशने घासा, भुगा झाडून घराबाहेर टाका, आठवडाभर थांबून पुन्हा घासा. प्लास्टर बोटाने भुरभुरत असेल तर ते विटेपर्यंत खरवडून काढावं लागेल, वरून मलमपट्टी चालत नाही.

नव्या प्लास्टरवर किमान सात दिवस पाणी मारायचं आणि त्यानंतर सुकायला वेळ द्यायचा. रंगाआधी साधारण २८ दिवस जायला हवेत, पावसाळ्यात त्याहून जास्त. पुट्टीचे दोन पातळ हात पुरतात, मिळून दीड ते तीन मिलिमीटर. खड्डा भरायला पुट्टीचा जाड थर दिला की तो तडकतो. खड्डा आधी सिमेंटच्या मसाल्याने भरून घ्या. व्हाइट सिमेंटची पुट्टी कालवल्यावर तीन-चार तासांत संपवायची. घट्ट झालेल्या पुट्टीत पुन्हा पाणी घालून ती मऊ होते खरी, पण भिंतीला धरत नाही. शेवटी १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून धूळ कोरड्या फडक्याने पुसा आणि मगच प्रायमर मारा. आतल्या कामाची अ‍ॅक्रिलिक पुट्टी बाहेरच्या भिंतीला लावणं म्हणजे पहिल्याच पावसाला आमंत्रण.

प्लास्टरचा माल

नदीची वाळू दुर्मीळ झाल्यापासून एम-सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, सगळीकडे चालते. काँक्रीटसाठी ती ठीक, पण प्लास्टरसाठी तिचेच भरड कण वापरले तर पृष्ठभाग खरबरीत होतो आणि बारीक चिरा पडतात. दुकानात पी-सँड मागा, ती प्लास्टरसाठीच चाळलेली असते. बाहेरच्या भिंतीला एक भाग सिमेंट आणि चार भाग वाळू, आत एकास पाच किंवा सहा. ‘जास्त सिमेंट म्हणजे जास्त मजबूत’ हा समज चिरा पाडतो, कारण सिमेंट जास्त झालं की थर सुकताना जास्त आकसतो. एका वेळी अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढाच माल कालवा. गेल्या वर्षीची कोपऱ्यात उरलेली पिशवी काढू नका. तीन महिन्यांपुढे, त्यातही दमट हवेत ठेवलेल्या सिमेंटची ताकद घटत जाते. चिमटीत दाबून न फुटणारे गोळे दिसले की ती पिशवी बाद.

गच्ची गळते, पण कुठून?

छतावर डाग जिथे पडतो, त्याच्या बरोबर वर चीर असेल असं नाही. जुन्या गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. पाणी कोब्यात एका बाजूने शिरतं, स्लॅबवरून सरकत जातं आणि जिथे स्लॅबला चीर सापडते तिथे खाली उतरतं. म्हणून डागाच्या डोक्यावर रसायन फासून उपयोग होत नाही. मार्च-एप्रिलमध्ये, गच्ची कोरडी ठणठणीत असताना शोध घ्या. पाणी जायचे पाईप बंद करून गच्चीच्या एकेका भागात इंचभर पाणी २४ ते ४८ तास तुंबवा आणि खाली डाग कधी ओला होतो ते बघा. भाग विटांच्या आणि मसाल्याच्या तात्पुरत्या बांधाने वेगळे करता येतात.

दोष बहुतेक वेळा तीन ठिकाणी निघतो: गच्ची आणि कठडा यांच्या कोपऱ्यात, पाणी जायच्या पाईपभोवती, आणि टाकीच्या ओट्याखाली. कोपऱ्याचा जुना मसाला सुटला असेल तर तो काढा, एकास तीन मसाल्यात लॅटेक्स (पकड वाढवणारं दुधासारखं द्रव) घालून तिथे गोलाई मारा. काटकोनात लावलेला लेप वळणावर फाटतो. चिरा नुसत्या वरून भरू नका. छिन्नीने इंग्रजी ‘व्ही’ आकारात साधारण एक सेंटीमीटर रुंद-खोल करा, झाडा, ओल्या करा आणि पॉलिमर मसाला दाबून भरा.

पावडर आणि द्रव असे दोन भाग असलेला लेप लावताना दोन चुका होतात. पहिली, जास्त जागा भागावी म्हणून वरून पाणी ओतणं. दुसरी, तापलेल्या कोरड्या गच्चीवर भर दुपारी काम काढणं. गच्ची आधी भिजवून साचलेलं पाणी फडक्याने टिपून घ्या, म्हणजे दमट पण चकाकी नसलेली. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर पहिला हात एका दिशेने, तो वाळल्यावर दुसरा आडव्या दिशेने. कोपऱ्यात आणि चिरेवर दोन हातांच्या मध्ये फायबरची जाळी बसवा. जुन्या गच्चीवर सिमेंटची नुसती स्लरी ओतली तर ती उन्हा-थंडीच्या ताणाने पहिल्या वर्षीच तडकते. ओल्या गच्चीवर डांबरी शीट चिकटवलं तर अडकलेल्या वाफेचे फुगे येतात.

आणखी एक थर कोबा टाकून गळती थांबवण्याचा मोह टाळा. दोन इंच काँक्रीटचा भार प्रत्येक चौरस मीटरला सुमारे १२० किलो होतो. तीस-चाळीस वर्षं जुन्या स्लॅबवर हे वजन इंजिनिअरला न विचारता टाकायचं नसतं. खालून काँक्रीटचे पापुद्रे पडून गंजलेली सळई दिसत असेल तर तो दुरुस्तीचा विषय तुमच्या हातचा राहिलेला नाही. तिथे प्लास्टर मारून सळई झाकणं म्हणजे रोग लपवणं.

मंगळुरी कौलं

मृगाआधी कौलं परतायची तर थेट कौलांवर पाय देऊ नका. रुंद फळी किंवा शिडी आडवी टाका, म्हणजे वजन वाशांवर जाईल. एक कौल बदलायला चढून वाटेतली पाच फोडण्याचा प्रकार यामुळेच होतो. नवीन आणताना जुनं कौल सोबत घेऊन जा. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा जुळत नाहीत, आणि न जुळलेल्या खाचेतून वाऱ्याचा पाऊस आत येतो. कौलांच्या सांध्यात सिमेंट भरू नका, ऊन लागून कौल हललं की कडा फुटते. मसाला आढ्यावरच्या कौलांखालीच लागतो. कौल सारखं एकाच जागी घसरत असेल तर रीप (कौल जिच्यावर टेकतं ती लाकडी पट्टी) कुजलीय का ते स्क्रूड्रायव्हर टोचून बघा.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत बऱ्याचदा अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ते कोरडे कापू किंवा घासू नका, धूळ फुफ्फुसाला घातक आहे. शिवाय असे पत्रे वयाने ठिसूळ होतात, त्यांच्यावर उभं राहणं जिवावर बेततं.

काळ्या मातीतल्या तिरप्या भेगा

अथणी, चिकोडी, बैलहोंगलकडच्या काळ्या मातीत खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी भेग दर उन्हाळ्यात रुंदावते आणि पावसात मिटते. माती सुकली की आकसते, भिजली की फुगते, आणि पाया तिच्याबरोबर हलतो. पुट्टीने भेग भरली की ती वर्षाच्या आत त्याच रेषेत उघडते. भेगेच्या टोकाला पेन्सिलने खूण आणि तारीख टाका, मध्ये काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना मसाल्याने चिकटवा. काच फुटली तर हालचाल चालू आहे. घराभोवती सुमारे एक मीटर रुंद, बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरशी केली तर पायाजवळची ओल वर्षभर बऱ्यापैकी सारखी राहते. भिंतीलगत मोठं झाड लावू नका. काच दुसऱ्यांदा फुटली किंवा भेगेत पाच रुपयांचं नाणं सहज जायला लागलं तर इंजिनिअरला बोलवा.

बाथरूम आणि नळ

बाथरूमखाली ओल दिसली की लोक फरशीच्या सांध्यांत व्हाइट सिमेंट भरतात. आधी नहाणी ट्रॅपचं (सांडपाणी जायच्या जाळीखालच्या वाटीचं) तोंड बंद करून इंचभर पाणी एक रात्र ठेवा. खाली ओल वाढली तर फरशी किंवा ट्रॅपचा सांधा. वाढली नाही, तर ट्रॅप उघडून बादलीभर पाणी सोडा. आता ओल आली तर दोष सांडपाण्याच्या पाईपचा. दोन्हीत काही नसेल तर घरातले सगळे नळ बंद करून टाकीची पातळी रात्रभर बघा, ती उतरली तर भिंतीतला पाईप किंवा फ्लशची टाकी संशयित. फरशीचे सांधे खरंच गेले असतील तर जुना माल खाचेच्या दोन तृतीयांश खोलीपर्यंत कोरून काढा आणि इपॉक्सी भरा. वरून फासलेला थर महिन्यात उखडतो.

टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने, म्हणजे टोक आपल्याकडे धरल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे गुंडाळा. उलटी गुंडाळली तर नळ फिरवताना ती सुटते. पितळी नळ प्लॅस्टिकच्या आट्यात भरमसाट टेप लावून पान्याने आवळला की फिटिंगला चीर जाते, आणि ती भिंतीच्या आत असते. सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकच्या) पाईपला सीपीव्हीसीचंच सोल्युशन लागतं. पाईप सरळ कापा, कडा घासा, बसवताना पाव वळसा द्या, अर्धा मिनिट दाबून धरा. पूर्ण दाबाचं पाणी दुसऱ्या दिवशी सोडा.

जांभ्या दगडात ड्रिल

खानापूरकडच्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या ठोकळ्यांच्या, भिंतीत ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा मोड) चालू करून ८ मिलिमीटरचं भोक पाडायला गेलात तर ते १२ चं होतं. जांभा सच्छिद्र आणि मऊ असतो, आत पोकळ्याही सापडतात. हॅमर बंद ठेवून आधी ६ चं भोक, मग हळूहळू ८ चं करा. भोक सांध्यात नको, चिऱ्याच्या मध्याजवळ हवं. प्लास्टरच एक-दोन सेंटीमीटर असतं, म्हणून प्लग किमान ६० मिलिमीटरचा घ्या. भोकातली माती फुंकून काढा. गीझर किंवा मोठं कपाट टांगायचं असेल तर केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्का केलेला बोल्ट) वापरा. पंधरा लिटरचा गीझर पाण्यासकट पंचवीस किलोच्या आसपास भरतो. स्विच बोर्डाच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या रेषेत ड्रिल लावू नका, वायर आणि पाईप तिथूनच जातात.

वीज

बल्ब होल्डर, स्विच, पंख्याचा रेग्युलेटर यापुढे स्वतः जाऊ नका. नवीन वायरिंग आणि मीटर बोर्डाचं काम परवानाधारक ठेकेदाराचं.

गीझर लावला की एमसीबी (भार वाढला की आपोआप बंद पडणारा स्विच) वारंवार पडतो, म्हणून १६ ऐवजी ३२ अँपिअरचा बसवणारे महाभाग आहेत. एमसीबी वायर वाचवण्यासाठी असतो. तो मोठा केला की पडायचा थांबतो आणि वायर भिंतीत तापत राहते. २ किलोवॅटचा गीझर सुमारे ९ अँपिअर ओढतो, ३ चा १३. पहिल्याला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, दुसऱ्याला ४ ची, आणि दोन्हीला १६ अँपिअरचं सॉकेट. ६ च्या सॉकेटात अ‍ॅडॉप्टर लावून गीझर चालवलात तर प्लग वितळतो. बाथरूमच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) हवाच, आणि त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं. दाबूनही तो पडला नाही तर तो बदला. स्विच काढण्याआधी एमसीबी खाली करा आणि त्यानंतरही टेस्टर लावून बघा, कारण जुन्या घरांत न्यूट्रल आणि फेज उलटे जोडलेले सापडतात आणि मग एमसीबी बंद असूनही वीज राहते. मीटरचं सील आणि खांबावरून येणारी सर्व्हिस वायर ही हेस्कॉमची (इथल्या वीज कंपनीची) बाजू आहे. घरातला मेन स्विच बंद केला तरी तिथे वीज असतेच.