कांदा, दूध आणि पूर्वज : साध्या प्रश्नांचा माग कसा काढावा

कांदा चिरताना डोळ्यांत पाणी का येते, काही मोठ्या माणसांना दूध का पचत नाही, माणूस माकडापासून झाला असेल तर माकडे अजून का शिल्लक आहेत, असे प्रश्न पडण्यासाठी कोणत्याही पदवीची गरज नसते, आणि त्यांची एका ओळीतील उत्तरे मिळवणे आता मुळीच अवघड राहिलेले नाही. अडचण अशी की, ते एका ओळीचे उत्तर पुष्कळदा भलत्याच प्रश्नाचे असते. आपण विचारलेले असते एक, सांगितले जाते दुसरे, आणि समाधान झाल्यासारखे वाटून आपण पुढे जातो. माझ्या मते या विषयातील बराचसा गोंधळ उत्तरांत नसून प्रश्नांत असतो; म्हणून येथे अधिक जागा प्रश्न नेमका करण्याला दिली आहे आणि मग तो घरच्या घरी, तुलनेने आणि जुन्या पुराव्यांच्या आधारे कसा तपासावा ते सांगितले आहे.

आधी प्रश्न फोडा

प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्जेन यांनी १९६३ मध्ये एक फार उपयुक्त मांडणी केली. सजीवांविषयीच्या कोणत्याही ‘का’मध्ये चार वेगवेगळे प्रश्न दडलेले असतात, असे त्यांनी दाखवून दिले. ही गोष्ट शरीरात घडते कशी? वाढीच्या ओघात ती केव्हा आणि कशी प्रकट होते? जगण्यात किंवा प्रजननात तिचा काय उपयोग झाला? आणि उत्क्रांतीच्या इतिहासात ती कोठून आली? या चारही प्रश्नांची उत्तरे एकाच वेळी खरी असू शकतात आणि एकाचे उत्तर मिळाले म्हणून बाकीचे तीन निकालात निघत नाहीत. प्रश्न कागदावर लिहून त्याखाली हे चार पोटप्रश्न स्वतंत्रपणे मांडावेत.

दुधाचे उदाहरण घेऊ. दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, लहान आतड्यात तशीच्या तशी शोषली जात नाही. लॅक्टेज नावाचे विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन) आधी तिचे दोन तुकडे करते. हे विकर कमी पडले की न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तेथील जीवाणू ती आंबवतात आणि वायू, पोटफुगी, जुलाब असा त्रास होतो. हे झाले पहिल्या प्रश्नाचे उत्तर, आणि बहुतेक ठिकाणी माहिती येथेच थांबते. दुसरा प्रश्न विचारला की चित्र बदलते. जवळजवळ सर्व अर्भकांमध्ये लॅक्टेज भरपूर असते, आणि अंगावरचे दूध सुटल्यानंतर ते कमी होत जाते. इतर सस्तन प्राण्यांतही हेच घडते. जगातील सुमारे दोनतृतीयांश प्रौढांमध्ये लॅक्टेज असे कमी झालेले असते. म्हणजे दूध न पचणे हा बिघाड नव्हे, तीच मूळ स्थिती आहे. खुलासा हवा तो मोठेपणीही दूध पचवणाऱ्यांचा. ‘काहींना दूध का पचत नाही’ हा प्रश्न उलटून ‘काहींना मोठेपणीही दूध कसे पचते’ असा झाला, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या खटाटोपातील सर्वांत मोलाची पायरी हीच आहे.

उलटलेल्या प्रश्नाला चांगली उत्तरे मिळाली आहेत. लॅक्टेजचे जनुक दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे आणि ते मोठेपणी चालू ठेवणारा बदल शेजारच्या जनुकाच्या हद्दीत सापडतो. युरोपीय वंशाच्या लोकांमधील हा बदल २००२ मध्ये ओळखला गेला. २००७ मध्ये पूर्व आफ्रिकेतील गुरे पाळणाऱ्या लोकांमध्ये त्याच हद्दीतील, परंतु वेगळे बदल सापडले. याचा अर्थ ही क्षमता मानवजातीत एकदाच उपजून सर्वत्र पसरलेली नाही. ती स्वतंत्रपणे अनेकदा उपजली. उपयोगाचा प्रश्न मात्र वाटतो तितका सरळ नाही. जुन्या मडक्यांना चिकटलेल्या दुधाच्या स्निग्धांशावरून असे दिसते की, युरोपात हा जनुकीय बदल सर्वसामान्य होण्याच्या हजारो वर्षे आधीपासून लोक दूध वापरत होते. तेव्हा ‘दूध मिळू लागले आणि ते पचवणारे लगेच वरचढ ठरले’ ही ऐकायला सोपी वाटणारी गोष्ट पुरेशी नाही. दुष्काळ आणि रोगराईच्या काळात दूध न पचणे जिवावर बेतत असावे, असा एक प्रस्ताव अलीकडे मांडला गेला आहे.

जे हाताने तपासता येते, ते तपासून पाहा

पहिल्या प्रकारचे, म्हणजे ‘कसे घडते’ याचे प्रश्न पुष्कळदा स्वयंपाकघरातच तपासता येतात. कांद्याची गोष्ट यासाठी उत्तम आहे, कारण तिचा प्रत्येक टप्पा ठाऊक आहे. अखंड कांद्याच्या पेशीत गंधकयुक्त संयुग एका कप्प्यात आणि त्याचे विघटन करणारे अॅलिनेज हे विकर दुसऱ्या कप्प्यात असते. सुरीने पेशी फुटल्या की दोन्ही एकत्र येतात, त्यातून एक अस्थिर आम्ल तयार होते आणि त्याचे रूपांतर हवेत उडणाऱ्या, डोळ्यांना झोंबणाऱ्या द्रव्यात होते. ते डोळ्यावरील ओलाव्यात विरघळले की पारपटलातील (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यातील) चेताटोके चाळवतात आणि अश्रुग्रंथी ते द्रव्य धुऊन काढण्यासाठी पाणी सोडते. हे शेवटचे रूपांतर आपोआप होते असे दीर्घकाळ मानले जात होते; २००२ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले की, त्यासाठीही एक स्वतंत्र विकर लागते.

आता या उत्तरावरून भाकीत करावे आणि ते तपासावे. विकर ही प्रथिने असतात आणि पुरेशा उष्णतेने ती निकामी होतात. म्हणून उत्तर बरोबर असेल तर अखंड कांदा गाभ्यापर्यंत उकळून, पूर्ण थंड करून चिरला असता डोळ्यांना झोंबता कामा नये. एकाच ढिगातील, सारख्या आकाराचे काही कांदे घ्यावेत. निम्मे सालासकट चांगले उकळून घ्यावेत, मग सर्व कांदे कित्येक तास एकाच ठिकाणी ठेवावेत, म्हणजे चिरताना दोहोंचे तापमान सारखे राहील. सुरी तीच, चिरणारा तोच आणि तुकड्यांचा आकारही तोच असावा. जवळ बसलेल्या दुसऱ्या व्यक्तीने डोळे मिटून बसावे, प्रत्येक कांदा चिरून झाल्यावर तुकडे तिच्यासमोर ठराविक अंतरावर ठेवावेत, मग तिने डोळे उघडावेत, आणि झोंबायला किती वेळ लागला ते तिसऱ्याने लिहून घ्यावे. कोणता कांदा कोणता हे तिला आधी सांगू नये, कारण अपेक्षा कळली की जळजळही त्या अपेक्षेप्रमाणे जाणवू लागते. वासावरून तिला थोडाफार अंदाज येईलच, म्हणून तिच्या सांगण्याबरोबर प्रत्यक्ष पाणी आले की नाही हेही पाहावे.

अनेकजण कांदा आधी थंड करण्याचा उपाय सांगतात, आणि तो चालतोही. परंतु उत्तर तपासण्यासाठी तो कमी उपयोगाचा आहे, कारण थंडीमुळे विकराचे कामही मंदावते आणि तयार झालेले द्रव्य हवेत उडण्याचा वेगही घटतो. पाणी कमी आले तरी श्रेय कोणाला द्यायचे ते ठरत नाही. उकळण्याच्या प्रयोगात तापमान पुन्हा सारखे करून घेतल्यामुळे ही सरमिसळ टळते. घरच्या प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी हा नियम सर्वांना माहीत असतो, मात्र एकच कृती दोन गोष्टी बदलत असू शकते हे पुष्कळदा नजरेआड होते.

जिभेचा नकाशा तर काही मिनिटांत तपासता येतो. गोड टोकावर, कडू मागे आणि आंबट कडांवर असे ते चित्र १९०१ मधील एका जर्मन अभ्यासाच्या चुकीच्या वाचनातून पसरले. त्या अभ्यासात फरक अगदी किरकोळ होते. मिठाचे पाणी कापसाच्या बोळ्याने जिभेच्या टोकाला आणि कडांना लावून पाहावे, चव सगळीकडे कळते.

स्वतःच्या शरीरावर प्रयोग करताना मर्यादा पाळावी. दूध पिऊन त्रास होतो की नाही हे घरी बघता येते, पण तो लॅक्टेजच्या कमतरतेमुळे आहे की अॅलर्जीमुळे, हे घरी ठरवू नये. त्यासाठी डॉक्टर श्वासातील हायड्रोजन मोजण्याची चाचणी करतात.

हेच आणखी कोणात आढळते?

उपयोगाचे आणि इतिहासाचे प्रश्न स्वयंपाकघरात सुटत नाहीत. तेथे तुलना कामी येते. मिरची तिखट का लागते, याचे यंत्रणेपुरते उत्तर सरळ आहे : तिच्यातील कॅप्सायसिन हे रसायन उष्णता ओळखणाऱ्या चेतापेशींवरील टीआरपीव्ही१ या ग्राहकाला (रिसेप्टरला, म्हणजे संकेत टिपणाऱ्या प्रथिनाला) चालू करते. हा ग्राहक एरवी सुमारे ४३ अंश सेल्सिअसला चालू होतो, म्हणून तोंड भाजल्यासारखे वाटते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने तो १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पण मिरचीच्या झाडाने हे रसायन बनवावेच का? पक्ष्यांमध्येही हा ग्राहक असतो, मात्र कॅप्सायसिनने तो चालू होत नाही. पक्षी मिरच्या सुखाने खातात, उंदरांसारखे प्राणी त्या टाळतात. त्यावरून अशी कल्पना निघाली की, तिखटपणा बी चावून नष्ट करणाऱ्यांना दूर ठेवतो आणि बी पसरवणाऱ्यांना अडवत नाही.

अशी कल्पना ऐकायला गोड असली तरी तेवढ्यावर ती खरी मानू नये. अॅरिझोनातील रानमिरचीवर काम करणाऱ्या संशोधकांनी पुढची पायरी गाठली आणि २००१ मध्ये निष्कर्ष मांडले : तिखट नसलेल्या मिरच्या उंदरांना खाऊ घातल्यावर त्यांच्या विष्ठेतील बिया रुजल्या नाहीत, पक्ष्यांच्या पोटातून आलेल्या बिया रुजल्या. पुढे बोलिव्हियातील रानमिरच्यांवरील कामातून असेही दिसले की, कॅप्सायसिन बियांचे बुरशीपासून रक्षण करते. म्हणून ‘उपयोग’ या रकान्यात एकच ओळ लिहून तो बंद करू नये.

क जीवनसत्त्वाबाबत हाच प्रश्न इतिहासाकडे नेतो. बहुसंख्य सस्तन प्राणी ते शरीरातच तयार करतात; माणूस, वानरे (चिंपांझी, गोरिला इत्यादी) आणि माकडे यांना ते अन्नातून घ्यावे लागते, कारण त्यासाठीचे एक जनुक आपल्या सर्वांमध्ये मोडलेल्या अवस्थेत आहे. गिनिपिगमध्येही ते मोडले आहे, पण स्वतंत्रपणे.

पूर्वजांविषयीच्या प्रश्नात आधी गृहीतक शोधा

मानवाच्या उगमाविषयीचे प्रश्न बहुतेक वेळा एखादे गृहीतक पोटात घेऊन येतात. ‘माणूस माकडापासून झाला तर माकडे अजून का आहेत’ या प्रश्नात आजची माकडे आपले पूर्वज आहेत असे धरलेले आहे. चुलत भावंडांचे आजोबा एकच असतात, पण म्हणून एक भावंड दुसऱ्याचा आजोबा होत नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा समान पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होऊन गेला, आणि तेव्हापासून दोन्ही शाखा बदलत आल्या आहेत.

हे नाते नुसते सांगून पटवण्याची गरज नाही, कारण त्यातून तपासता येईल असे भाकीत निघते. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्यात ४८ गुणसूत्रे असतात, माणसात ४६. पूर्वज समान असेल तर आपल्यात दोन गुणसूत्रे एकमेकांना जोडली गेल्याच्या खुणा मिळायला हव्यात. त्या मिळाल्या. आपल्या दुसऱ्या गुणसूत्राच्या आतल्या भागात, एरवी गुणसूत्रांच्या टोकांना असणारी रचना समोरासमोर जोडलेली दिसते, आणि दुसऱ्या मध्यबिंदूचे (सेंट्रोमिअरचे; एरवी एका गुणसूत्रात तो एकच असतो) अवशेषही त्यात आहेत.

जीवाश्मांविषयी वाचताना मात्र एक जादा सावधगिरी बाळगावी : जे उत्तर आपल्याला आवडते त्याची तपासणी अधिक कडक करावी. विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक अभ्यासकांना वाटत होते की, आपल्या पूर्वजांचा मेंदू आधी मोठा झाला असणार. १९१२ मध्ये इंग्लंडमधील पिल्टडाउन येथे मोठी कवटी आणि वानरासारखा जबडा ‘सापडला’ आणि तो या अपेक्षेत चपखल बसला. १९२५ मध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ रेमंड डार्ट यांनी दक्षिण आफ्रिकेतील टाँगचे, लहान मेंदूचे पण ताठ चालण्याच्या खुणा असलेले बालकाचे जीवाश्म जगापुढे मांडले, तेव्हा बहुतेकांनी ते वानराचे पिलू म्हणून बाजूला सारले. पिल्टडाउनची कवटी माणसाची, जबडा ओरांगउटानचा आणि दात कानशीने घासलेले, हा बनाव १९५३ मध्ये उघडा पडला. पुढे १९७४ मध्ये इथिओपियात सापडलेल्या, सुमारे ३२ लाख वर्षे जुन्या ‘ल्युसी’ या जीवाश्म सांगाड्याने आणि टांझानियातील लाएटोलीच्या त्याहूनही जुन्या पाऊलखुणांनी चालणे आधी आणि मोठा मेंदू नंतर हा क्रम पक्का केला. कोणताही दावा वाचताना मूळ वस्तू कोणी तपासली, वय कशावरून काढले आणि त्याच्याशी जुळणारे दुसरे पुरावे कोणते, हे तीन तपशील शोधावेत. ते नसतील तर तो दावा वहीत पेन्सिलीने लिहावा.

अन्न आणि उगम जेथे एकत्र येतात असा एक प्रश्न या रीतीने मांडून पाहण्यासारखा आहे : माणूस अन्न शिजवू कधी लागला? मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड रँगम यांचे म्हणणे असे की, सुमारे १९ लाख वर्षांपूर्वीच्या होमो इरेक्टस या आदिमानव जातीचे लहान दात हे शिजवलेल्या, मऊ आणि अधिक ऊर्जा देणाऱ्या अन्नामुळे शक्य झाले. प्रत्यक्ष पुरावे बरेच अलीकडचे आहेत. दक्षिण आफ्रिकेतील वंडरवर्क गुहेत जळलेली हाडे आणि राख सुमारे १० लाख वर्षांपूर्वीची आहे, आणि इस्रायलमधील गेशेर बेनोत याकोव येथे मंद आचेवर तापलेले माशांचे दात सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीचे आहेत. पहिले उत्तर शरीररचनेवरून काढलेले अनुमान आहे, दुसरे विस्तव वापरल्याची खूण, आणि तिसरे शिजवण्याच्या सर्वांत जवळ जाणारे. तिन्हींना एकाच रकान्यात टाकू नये. वहीत ही तिन्ही वये त्यांच्या पुराव्याच्या प्रकारासह शेजारी लिहावीत, आणि त्याखाली अनुमानाला बळ कशाने मिळेल तेही नोंदवावे : १९ लाख वर्षांच्या आसपासच्या थरात, वणव्याने लागलेली आग नव्हे हे दाखवता येईल अशा जागी, तापवलेली हाडे.