मूसच्या केसांचं भरतकाम, लहानग्यांच्या मोकॅसिनसाठी

कॅनडातल्या क्यूबेक शहराजवळच्या वेंडाकेतले ह्युरॉन-वेंडट या आदिवासी समाजाचे कारागीर काळ्या रंगवलेल्या हरणाच्या कातड्यावर मूसचे (मोठ्या उत्तरी हरणाचे) रंगीत केस भरतात. पुण्यात सरावाला पातळ काळं स्वेड आणि घोड्याच्या शेपटीचे केस घ्या. बारीक सुई, दोरा तुळशीबागेत मिळेल.

भरतकाम आधी, शिवण नंतर. मोकॅसिनच्या, म्हणजे मऊ कातडी जोड्याच्या, पुढच्या भागाला शिवताना चुण्या पडल्या की आत सुई फिरत नाही.

पाच-सहा केस ओले करून जुडी करा, कोरडे तुटतात. जुडी आरपार ओवायची नाही; वर ठेवून दर दोन-तीन मिलिमीटरवर आडव्या टाक्याने घट्ट आवळा आणि टाक्यागणिक एकाच दिशेने पीळ द्या. त्यातूनच मण्यांसारखे दाणे उठतात. या कलेचं खरं देखणेपण तेच. टाका ढिला राहिला की केस निसटतात. घोड्याचे केस गुळगुळीत, त्यामुळे दाणे थोडे बसकेच येतील.