केसांना मातीचा लेप लावताय? या चुका टाळा

मुलतानी माती लावल्यावर केस राठ झाले, गळायला लागले, डोकं खाजायला लागलं, अशा तक्रारी उन्हाळा सुरू झाला की वाढतात. दोष बहुतेक वेळा मातीचा नसतो. माती म्हणजे केसांचं खाद्य असं समजून लोक ती थापतात, आणि तिथेच फसगत होते. माती तेल आणि मळ ओढून घेते. ती शिकेकाई-रिठ्याच्या रांगेतली, साफसफाईची वस्तू आहे. तिच्यातली खनिजं केसांत मुरून केस वाढतात वगैरे मजकूर पाकिटावरच राहू द्यावा. टाळूबाहेर आलेला केस मृत असतो, त्याला बाहेरून पोसता येत नाही. टाळूवर साचलेला चिकटपणा निघतो, केस हलके वाटतात, एवढं काम ही माती चोख करते.

सगळ्यात महागात पडणारी चूक: लेप सुकू देणं

चेहऱ्यावर लेप कडक होईपर्यंत ठेवायची सवय असते, तीच डोक्याला लावली जाते. बेंटोनाइट (लेपासाठी विकली जाणारी आणखी एक माती) आणि मुलतानी मातीत साधारणपणे माँटमोरिलोनाइट गटातली खनिजं असतात. त्यांचे कण म्हणजे पातळ पापुद्र्यांची चळत. पाणी मिळालं की पापुद्र्यांमध्ये ते शिरतं आणि माती फुगते, पाणी गेलं की आकसते. देशावरची काळी माती याच गोत्रातली. पावसाळ्यात ती फुगते आणि वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तोच प्रकार टाळूवर होतो, फरक इतकाच की इथे आकसणाऱ्या मातीत केस अडकलेले असतात. मग नखांनी खपल्या काढायच्या, वरून कंगवा फिरवायचा, आणि हातात आलेला पुंजका बघून ‘माती लावली आणि केस गळले’ म्हणायचं.

तो पुंजका उजेडात धरून बघा. केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा गोळा असेल तर तो मुळापासून गळलेला. दिवसाला ५० ते १०० केस असे गळणं सामान्य आहे. गोळा नसेल आणि तुकडा आखूड असेल तर केस मधेच तुटलाय. लेपानंतर असे तुकडेच जास्त दिसत असतील, तर केस मातीने तुटलेत, गळलेले नाहीत.

तेव्हा १०–१२ मिनिटं पुरेत, आणि तेवढा वेळही लेप ओला हवा. वरून ओलं फडकं किंवा शॉवर कॅप घाला. सुकलाच, तर ओरबाडू नका. तांब्याने पाणी सोडत पाचेक मिनिटं तो मऊ होऊ द्या, मग बोटांनीच काढा. कंगवा केस धुऊन झाल्यावर.

भिजवताना होणारा घोळ

पावडरीवर पाणी ओतून चमच्याने घुसळलं की गुठळ्या ठरलेल्या. आधी वाडग्यात पाणी घ्या, त्यावर पावडर भुरभुरवा आणि अर्धा तास हात लावू नका. ढेकळं आणली असतील तर रात्रीच भिजत घाला. पाण्यात पडल्यावर त्यातून बुडबुडे येतात आणि ढेकूळ आपोआप विरघळतं. सकाळी वरची मऊ गाळ दुसऱ्या भांड्यात काढून घ्यायची आणि तळाशी बसलेली कचकचणारी वाळू टाकून द्यायची. ही वाळू टाळूवर चोळणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणंच. पावडर असेल तर ती वस्त्रगाळ करून घ्या, पण तोंडावर रुमाल बांधून, कारण तिची धूळ छातीत गेलेली चांगली नाही.

कालवलेली माती उरली तर फेकून द्या. दही घातलेला लेप फ्रीजमध्ये ठेवून पुढच्या रविवारी वापरणारे लोक आहेत! स्टीलच्या चमच्याने मात्र मातीचे गुण जात नाहीत, लाकडी चमचा शोधत बसायची गरज नाही.

बोअरचं पाणी, तेल आणि लिंबू

बोअरचं पाणी बहुतेकदा जड, म्हणजे क्षारांचं असतं. त्यातल्या कॅल्शियममुळे मातीचे कण सुटे न राहता एकमेकांना धरतात आणि केसांत अडकतात. वाळल्यावर भांगात पिवळट पूड दिसते. घरात कुणीतरी म्हणतं कोंडा झालाय, आणि कोंड्यावर उपाय म्हणून पुन्हा माती लावली जाते. ती पूड बोटावर घेऊन पाण्याच्या थेंबात चोळा. गुळगुळीत चिखल झाला तर ती मातीच. कोंड्याचं तसं होत नाही. घरात बोअरचंच पाणी असेल तर शेवटचे दोन-तीन तांबे फिल्टरच्या पाण्याचे घ्या, आणि नंतर केसांच्या लांबीला कंडिशनर लावा.

रात्री तेलाने माखलेल्या डोक्यावर सकाळी माती लावू नका. ती तेल पिऊन चिकट होते, मग दोनदा शांपू करावा लागतो. उलट लेप फक्त टाळूला आणि टोकांना खोबरेल तेलाचं हलकं बोट, ही जोडी जमते. कोरड्या किंवा कुरळ्या केसांना तर माती टाळूच्या खाली नेऊच नये.

बहुतेक लेपाच्या माती अल्कधर्मी असतात, तर टाळूचा सामू (पीएच) ५.५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी. अल्कधर्मी लेपाने केसांवरचे खवले उघडतात आणि केस हाताला राठ लागतात. त्यासाठी माती थोड्या ताकात किंवा पातळ दह्यात कालवावी. लिंबू पिळू नये, खाजवलेल्या टाळूची आग होते. खाण्याचा सोडा तर नकोच, त्याने अल्कता आणखी वाढते. केस नुकतेच रंगवले किंवा सरळ करून घेतले असतील तर काही आठवडे लेप विसरा.

माती कोणती?

मुलतानी माती मूळ मुलतानच्या नावाची, पण आपल्याकडे येते ती प्रामुख्याने राजस्थानातून. ती तेलकट टाळूसाठी ठीक आहे. कोरड्या टाळूला केओलिन ही पांढरी माती सौम्य पडते. मोरोक्कोच्या अॅटलस पर्वतातली रसूल माती तिथे हम्माममध्ये (सार्वजनिक वाफेच्या स्नानगृहात) पिढ्यान्‌पिढ्या वापरतात, इथे मात्र किंमत बघून घाम फुटतो. मृत समुद्राच्या चिखलाची गोष्ट वेगळी. तिथल्या पाण्यात सुमारे ३४ टक्के क्षार असतात, त्यामुळे टाळूवर ओरखडा असेल तर हा चिखल चांगलाच झोंबतो.

शेतातली, नदीकाठची किंवा वारुळाची माती उचलून लावू नये. उरुळी कांचनला १९४६ मध्ये सुरू झालेल्या निसर्गोपचार आश्रमाचं नाव घेऊन लोक हे समर्थन करतात, पण निसर्गोपचारात माती खोलवरची, निवडून स्वच्छ केलेली असते. वरच्या थरात खतं, फवारणीची औषधं आणि धनुर्वाताचे जंतू असू शकतात. विकतची माती घेतानाही पाकिटावर उत्पादकाचा पत्ता आणि बॅच क्रमांक बघा. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध नियामक संस्थेने) एका बेंटोनाइट पावडरीत शिसं सापडल्यावर ती न वापरण्याचा इशारा दिला होता.

आठवड्यातून एकदा तेलकट टाळूला, पंधरवड्यातून एकदा इतरांना, याहून जास्त नको. जाड, लालसर, चंदेरी पापुद्रे सुटत असतील किंवा टाळूतून पाणी येत असेल तर लेप बंद करून त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. लहान मुलाच्या डोक्यावर गोल चट्टा पडून तिथले केस तुटलेले दिसत असतील तर ते गजकर्ण असू शकतं. त्याला पोटातून औषध लागतं, माती लावण्यात आठवडे घालवू नका.

आणि लेप बादलीत धुवा. बादली तासभर ठेवली की माती खाली बसते. वरचं पाणी मोरीत सोडा, खालचा चिखल झाडाच्या आळ्यात टाका. थेट बेसिनमध्ये धुतलात तर प्लंबरला बोलवावं लागेल.