पाइनचं वजन काढताय? या चुका टाळा

हिशेब सोपा होता. गल्लीतल्या गणपतीच्या मंडपासाठी पाइनचे ८० वासे घ्यायचे होते, प्रत्येक ३ बाय २ इंच, १० फूट लांब. ६ चौरस इंचांना १४४ ने भागून १० फुटांनी गुणलं की एका वाशाचे ०.४२ घनफूट. ८० वाशांचे ३३.३ घनफूट, म्हणजे ०.९४ घनमीटर. पाइनची घनता नेटवर सापडली ४८० किलो दर घनमीटर. गुणाकार ४५३ किलो. तेवढ्यावर मी छोट्या हत्तीवाल्याशी भाडं ठरवून मोकळा झालो. बडोद्याच्या दांडिया बाजारात शिरण्याआधी त्याने गाडी वजनकाट्यावर चढवली. रिकाम्या गाडीचं वजन वजा जाता माल भरला ६२० किलो.

भाडं वाढलं ते वाढलंच. मंडपाचे मिस्त्री एक वासा उचलून हातात तोलत म्हणाले, "काका, आ लाकडुं नथी, पाणी छे." मी मात्र त्या दिवशी दुपारभर कागदावर गुणाकार तपासत बसलो होतो. तो बरोबरच होता. अशा हिशेबात गुणाकार चुकत नाही हो. त्यात घातलेला एखादा आकडा भलत्याच लाकडाचा असतो.

तेव्हापासून एक सवय लागली आहे. काटा आणि हिशेब जुळले नाहीत की आधी दोघांचा भागाकार करायचा. चूक किती पटीची आहे यावरून ती कुठली हे बहुतेक वेळा ओळखू येतं. माझा भागाकार होता १.३७, आणि तो पाण्याचा निघाला.

ओल: सगळ्यात महागडी गल्लत

४८० हा आकडा खोटा नव्हता. तो १२ टक्के ओल असलेल्या, नीट सुकलेल्या, रेडिएटा जातीच्या पाइनचा होता. घनतेच्या तक्त्यात कुठेतरी बारीक अक्षरांत "१२ टक्क्यांवर" असं लिहिलेलं असतं आणि आपण नेमकं तेवढंच वाचत नाही. आपल्याकडे बडोद्यात येणारा पुष्कळसा पाइन गांधीधामच्या बाजूने येतो. न्यूझीलंडहून ओंडके जहाजाने कांडल्याला उतरतात, तिथल्या गिरण्यांत चिरले जातात आणि ट्रकने इकडे येतात. ओंडका ओला, चिरलेला माल ओला, वर श्रावण-भाद्रपदाची हवा. असा माल १२ टक्क्यांवर असेल ही अपेक्षाच चुकीची.

इथे टक्केवारीचा एक घोळ समजून घ्यायला हवा, कारण भलेभले त्यात अडकतात. लाकडाच्या धंद्यात ओलीचे टक्के कोरड्या लाकडाच्या वजनावर काढतात, एकूण वजनावर नाही. ६० टक्के ओल म्हणजे १०० किलो कोरड्या लाकडात ६० किलो पाणी. एकूण १६० किलोंत पाणी झालं साडेसदतीस टक्के. म्हणूनच हा आकडा शंभरच्या वरही जाऊ शकतो. नुकत्याच तोडलेल्या पाइनच्या सालीजवळच्या पांढऱ्या लाकडात तो शंभराच्या वर असणं नेहमीचंच आहे. पहिल्यांदा मीटरवाल्याकडून "१२० टक्के" ऐकलं तेव्हा मला तो माणूस थट्टा करतोय असं वाटलं होतं.

ओल्या मालाचं वजन काढायचं असेल तर तक्त्यातली दुसरी घनता शोधा: पायाभूत घनता. पूर्ण कोरड्या लाकडाचं वजन, भागिले त्याच लाकडाचं ओलं असतानाचं आकारमान. रेडिएटा पाइनची ती साधारण ४१० किलो दर घनमीटर धरतात. तिला (१ + ओल) ने गुणायचं. माझ्या वाशांची ओल ६० टक्के धरली तर ४१० गुणिले १.६ म्हणजे ६५६, आणि ०.९४४ घनमीटरचे झाले ६१९ किलो. काट्याने ६२० दाखवले होते.

आता कोणी म्हणेल, मग ४१० ला १.१२ ने गुणलं की १२ टक्क्यांची घनता यायला हवी, पण ते तर ४५९ होतात. बरोबर शंका आहे. लाकूड साधारण ३० टक्क्यांच्या खाली सुकायला लागलं की आकसतं, आकारमान घटतं आणि त्यामुळे घनता ४८०-४९० च्या घरात जाते. म्हणून पायाभूत घनतेशी ओल्या मालाचं माप जोडा आणि १२ टक्क्यांच्या घनतेशी सुकलेल्या मालाचं. उलटसुलट केलं की पाचसहा टक्के इकडचे तिकडे होतात. आणि १२ टक्क्यांच्या घनतेत पुन्हा १२ टक्के पाणी मिळवू नका, ते त्यात धरलेलंच असतं. ही चूक फार शिकलेली माणसं करतात.

सुकलेलं लाकूडही एका आकड्यावर बसून राहत नाही. ३० अंशांच्या हवेत ८० टक्के आर्द्रता असेल तर लाकूड हळूहळू १६ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतं, ३० टक्के आर्द्रतेत ६ टक्क्यांच्या आसपास. पावसाळ्यातला आणि एप्रिल-मेमधला बडोदा डोळ्यांसमोर आणा. तोच वासा या दोन टोकांमध्ये नऊदहा टक्के वजन कमीजास्त करतो, कोणी हात न लावता.

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतून पॅलेटचं लाकूड उचलणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. फळीवर गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह आणि शेजारी "एचटी" अशी इंग्रजी अक्षरं असतात. पुष्कळांना वाटतं की हा सुकवल्याचा शिक्का. तो तसा नाही. कीड मारण्यासाठी लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं राखलं, एवढंच तो सांगतो. अर्ध्या तासात कीड मरते, पाणी जात नाही. शिक्क्याची फळी चिंब ओलीही असू शकते. हे लाकूड भंगारवाल्याकडे बऱ्याचदा किलोवर मिळतं, तेव्हा तर पैसे सरळ पाण्याचेच जातात. पाणी असं विकत घ्यायचं तर बडोद्याला पाणी देणाऱ्या आजवा सरोवरानं काय घोडं मारलंय?

औषध दाबून भरलेल्या, हिरवट दिसणाऱ्या पाइनचंही तसंच. टाकीतून नुकतंच काढलेलं असेल तर कुठल्याही तक्त्यावर विसंबू नका, वजनच करा.

ओल मोजायची कशी

दोन सुयांचा मीटर बाजारात मिळतो आणि सुक्या मालासाठी तो ठीक आहे. पण २८-३० टक्क्यांच्या वर त्याचा आकडा भरवशाचा नसतो. ओल्या मालात तो "४५" दाखवो की "६०", त्याचा अर्थ फक्त "फार ओलं" एवढाच घ्या. शिवाय सुया वरच्या थरात टोचतात, ओल आत असते.

खात्रीचा मार्ग जुना आहे. वाशाच्या टोकापासून फूटभर आत एक बोटभर जाडीचा काप घ्या, कारण टोक आधी सुकतं आणि फसवतं. लगेच वजन करा. मग १०३ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा. माझ्या वाशाचा काप ५० ग्रॅमचा ३१.६ ग्रॅम झाला. १८.४ भागिले ३१.६, म्हणजे ५८ टक्के. घरच्या ओव्हनमध्ये करणार असाल तर लक्ष ठेवा आणि घरच्यांची परवानगी काढा. आमच्याकडे दोन दिवस केकला राळेचा वास येत होता.

नावाचा इंच आणि मापाचा इंच

काटा हिशेबापेक्षा हलका दाखवतोय? मग टेप काढा.

अमेरिकन "टू बाय फोर" प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असतो, मिलिमीटरमध्ये ३८ बाय ८९. नावाप्रमाणे ८ चौरस इंच, प्रत्यक्षात सव्वापाच. हिशेब काट्याच्या दीडपट येतो. अमेरिकन वेबसाइटवरून वजन काढणाऱ्यांचा भागाकार १.५२ आला तर दुसरीकडे शोधत बसू नका.

आपल्या वखारीतली गोष्ट थोडी वेगळी. इथे करवतीची फट आणि रंधा दोन्ही मापातून जातात. मिस्त्री लोक सुतात बोलतात, ८ सूत म्हणजे १ इंच, ते इथे फार उपयोगी पडतं. "३ बाय २" म्हणून घेतलेला, चारी बाजूंनी रंधा मारलेला वासा मोजला तर २२ सूत बाय १४ सूत भरतो. म्हणजे पावणेतीन बाय पावणेदोन, ४.८१ चौरस इंच. बिलात ६. वीस टक्के घट, आणि यात लबाडी असेलच असं नाही, बिल चिरलेल्या मापाचं असतं. वजन मात्र हातातल्या मापाचं काढा. चारपाच वाशांची दोन्ही टोकं आणि मध्य मोजून सरासरी घेतली की पुरतं.

ओंडक्याचं घनफूट मोठं असतं

आपल्याकडे गोल ओंडका दोरीने मोजतात. घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचं. ४८ इंच घेर, १० फूट लांब: चौथा भाग १२ इंच, म्हणजे १ फूट, म्हणून १० घनफूट. पण वर्तुळाचं खरं क्षेत्रफळ धरलं तर तेच लाकूड १२.७३ घनफूट भरतं. चिरताना जे वाया जातं त्याची सूट या पद्धतीत आधीच धरलेली आहे. खरेदीसाठी ती रीत चालते, पण ओंडका उचलणाऱ्या हायड्रा क्रेनच्या साखळीला ती सूट माहीत नसते.

या चुकीत ओलीची चूक मिळाली की प्रकरण धोक्याचं होतं. ताजा पाइन ९०० किलो दर घनमीटर सहज असतो, म्हणजे घनफुटाला साडेपंचवीस किलो. वरचा ओंडका खरोखर भरेल ३२४ किलो. सुक्या पाइनचे १४ किलो धरून, दोरीच्या १० घनफुटांवर हिशेब करणारा सांगेल १४० किलो. दोघांत १८० किलोंचा फरक, तोही एकाच ओंडक्यामागे.

एककांच्या चुका

या ओळखायला सोप्या. भागाकार २.२ च्या आसपास आला तर पौंड आणि किलो मिसळलेत. अमेरिकन तक्त्यात पाइनपुढे "३०" दिसतं, ते घनफुटाचे पौंड, किलोत १३.६. १२ पट फरक म्हणजे कुठेतरी इंच आणि फूट, किंवा बोर्डफूट (घनफुटाचा बारावा भाग) आणि घनफूट. ३५ पट म्हणजे घनमीटर आणि घनफूट. किलो दर घनमीटरला ३५.३ ने भागा, घनफुटाचे किलो मिळतात. ५०० चे १४.२, ४५० चे १२.७, ५६० चे १५.९. एवढे तीन पाठ करा.

"पाइन" म्हणजे नक्की कोण?

आमच्या वखारवाल्याच्या लेखी जे पांढरट, गाठींचं आणि सागापेक्षा स्वस्त ते सगळं पाइन. त्यात रेडिएटा असतो, युरोपातला स्प्रूस असतो, कधी अमेरिकेतला सदर्न पाइन. सुकलेला स्प्रूस ४५० च्या आत-बाहेर, सदर्न पाइन सहाशेच्या आसपास. हिमालयातला कैल साधारण ५१५, देवदार ५६०, चीड ५७५. शिवाय एकाच जातीत झाडाझाडांत १० टक्के फरक ही रोजची गोष्ट, आणि गाठींची फळी तिच्या बहिणीपेक्षा जड.

"सॉफ्टवुड" या शब्दानेही फसू नका. तो शंकूधारी झाडांचा गट आहे, मऊपणाचा दाखला नव्हे. आपली काटेसावर नखाने खरवडता येते, पाइनपेक्षा बरीच हलकी, तरी ती वनस्पतिशास्त्रात हार्डवुडच. सॉफ्टवुडच्या तक्त्यात ती शोधाल तर सापडायची नाही.

मग करायचं काय

मी आता असं करतो. वखारीत जाताना सामान तोलायचा हाताने धरायचा काटा खिशात असतो. गठ्ठ्यातले पाच वासे, वरचे दोन आणि आतले तीन, दोरी बांधून टांगतो आणि सरासरीला संख्येने गुणतो. आतले मुद्दाम, कारण वरचे वाऱ्याने सुकलेले असतात. एवढ्यात ओल, जात आणि माप तिन्ही आपोआप धरली जातात. घनतेचा हिशेब त्याआधी, फोनवर गाडी ठरवण्यापुरता. तेव्हा ओल्या मालाला घनफुटाला १९ किलो धरतो, सीझन केलेल्याला १५. गाडीची क्षमता आरसी बुकातून घेतो: भरल्या गाडीचं कमाल वजन वजा रिकाम्या गाडीचं. पोटमाळ्यावर माल रचायचा असेल तर १९ चाच आकडा, मग वखारवाला "एकदम सूका" म्हणून कितीही शपथा घेवो.

त्या ८० वाशांपैकी एक मी विसर्जनानंतर घरी आणला होता. आणला त्या दिवशी ७.७ किलो. गच्चीतल्या पत्र्याखाली, दोन विटांवर आडवा ठेवला. दिवाळीत ५.८ भरला. उत्तरायणाला पतंग उडवायला वर गेलो तेव्हा पुन्हा टांगला, ५.४ किलो, आणि तीन इंचांच्या बाजूला जवळजवळ एक सूत आवळला होता.