अमेरिकेतल्या नामांकित कॉलेजांचा अर्ज भरताय? या चुका टाळा

ओळखीतल्या एका बारावीच्या मुलाचा अर्ज माझ्याकडे वाचायला आला होता. कॉमन ॲपवर, म्हणजे एकच अर्ज भरून अनेक कॉलेजांना पाठवता येतो त्या वेबसाइटवर, अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांसाठी 10 रकाने असतात. पहिल्यात त्यानं अकरावीत 'स्थापन केलेली' संस्था, दुसऱ्यात पैसे भरून छापून आणलेला शोधनिबंध, तिसऱ्यात दोन आठवड्यांचा ऑनलाइन लीडरशिप कोर्स. बोलता बोलता कळलं, पोरगं तीन वर्षं पथकात ताशा वाजवतंय आणि मंडळाच्या वर्गणीचा हिशेबही तेच ठेवतंय.

"हे कुठे लिहिलंस?"

"ते काय लिहायचं, काकू?"

मला विचाराल तर ही सगळ्यात मोठी चूक. उठून दिसण्याच्या नादात मुलं नेमकी सगळ्यांसारखी दिसायला लागतात. अकरावीत निघालेल्या आणि बारावीनंतर बंद पडणाऱ्या संस्था अर्ज वाचणाऱ्यांना काही नव्या नाहीत. प्रत्येक उपक्रमाच्या वर्णनाला जागा फक्त 150 अक्षरांची, तीही इंग्रजीत. 'नेतृत्वगुण विकसित झाले' असं लिहिलंत की त्यातली बरीच जागा फुकट गेली. त्याऐवजी किती घरांतून वर्गणी आणली, पावतीपुस्तकं कशी जुळवली, ढोलाच्या पानांवर किती खर्च झाला, ते लिहा.

निबंधाचंही तेच. मर्यादा 650 शब्दांची. 'प्रवेश मिळालेल्यांचे निबंध' वाचून त्यांचा साचा उचलू नका. वडिलांनी सुधारलेला आणि सल्लागारानं घासून गुळगुळीत केलेला निबंध सतरा वर्षांच्या मुलाचा वाटत नाही.

शिफारसपत्रांकडे मात्र आपल्याकडे फारच दुर्लक्ष होतं. स्टेट बोर्डाच्या कितीतरी ज्युनियर कॉलेजांत समुपदेशक नसतात, त्यामुळे समुपदेशकानं भरायचा शिफारशीचा फॉर्म प्राचार्यांकडे किंवा एखाद्या उपप्राचार्यांकडे जातो. मग 'मेहनती, प्रामाणिक, आज्ञाधारक' हे तीन शब्द आणि खाली शिक्का. सरांना दोष देऊ नका, त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. तुम्हीच एका कागदावर वर्गातले दोन-तीन खरे प्रसंग लिहून द्या: कुठल्या प्रॅक्टिकलला काय बिघडलं, मुलानं काय विचारलं. शाळेची माहिती देणारं पानही जोडायला सांगा, म्हणजे एका वर्गात किती मुलं, कोणते विषय मिळतात, गुणांचं प्रमाण साधारण कसं असतं. अमेरिकेतल्या शाळांत चालणारे कॉलेजच्या पातळीचे एपी कोर्स तुमच्या कॉलेजात नाहीतच, हे वाचणाऱ्याला कळलं नाही, तर तुम्ही ते टाळले असं वाटू शकतं.

पैशाचं गणित आधी करा. परदेशी विद्यार्थ्यानं आर्थिक मदत मागितली तरी त्याचा निवडीवर परिणाम होऊ न देणारी कॉलेजं मोजकी आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲमहर्स्ट ही त्यांतली ठळक नावं. बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागितली की निवड अवघड होते. म्हणून आकडा ठरवल्याशिवाय 'अर्ली डिसिजन'वर सही नको, कारण तिथं प्रवेश मिळाला की जायचं बंधन असतं.

आता न्याय-अन्यायाचा प्रश्न. इथं दोन टोकाच्या चुका होतात. पहिली म्हणजे हे सगळं गुणवत्तेवर चालतं असं मानणं. आशियाई वंशाच्या अर्जदारांशी भेदभाव केल्याच्या आरोपावरून हार्वर्डवर झालेल्या खटल्यात पुढे आलेल्या आकड्यांनुसार आईवडील तिथलेच माजी विद्यार्थी असलेल्या अर्जदारांपैकी सुमारे 34 टक्क्यांना प्रवेश मिळत होता, बाकीच्यांपैकी जेमतेम 6 टक्क्यांना. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी 2023 मध्ये दाखवलं की सॅट या प्रवेशासाठीच्या परीक्षेचे गुण सारखे असले, तरी सर्वांत श्रीमंत 1 टक्क्यातल्या घरांतली मुलं मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात या निवडक कॉलेजांत पोचतात.

दुसरं टोक म्हणजे सगळंच सेटिंग असतं असं धरून खोटं रचणं. 2019 मध्ये उघड झालेल्या घोटाळ्यात रिक सिंगर नावाच्या सल्लागारानं, कधी न खेळलेल्या मुलांना खेळाडू ठरवून, काहींचे फोटोसुद्धा बनवून, प्रवेश मिळवून दिले होते. 2023 मध्ये त्याला साडेतीन वर्षांची कैद झाली.

29 जून 2023 ला हार्वर्डच्या त्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं प्रवेशात वंशाचा विचार करण्यावर बंदी आणली. 'आता आपल्या मुलांचा रस्ता मोकळा' असं न्यू जर्सीतल्या नातेवाइकांकडून तुम्हीही ऐकलं असेल. त्याच खटल्यात दिसलं होतं, की आशियाई वंशाच्या अर्जदारांना हार्वर्डच्या प्रवेश कार्यालयाकडून व्यक्तिमत्त्वाचे गुण इतरांपेक्षा कमी मिळत होते. त्यामुळे तिथल्या आपल्या लोकांचा राग मला समजतो. पण या निकालानं माजी विद्यार्थ्यांच्या मुलांची सवलत गेली नाही. वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे निबंधात लिहायला न्यायालयानं मनाईही केलेली नाही. तरी 'फार भारतीय दिसू नकोस, तबला काढून टाक' असं सांगणारे सल्लागार आहेतच. तबला खरंच वाजवत असेल तर राहू द्या.

सॅट ऐच्छिक आहे, असं कुणाच्या सांगण्यावरून गृहीत धरू नका. एमआयटीनं 2022 मध्येच ती पुन्हा सक्तीची केली आणि 2024 मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्डही त्याच वाटेनं गेले.

आणि शेवटच्या रात्री 'तिकडे अजून दिवस आहे, दहा तास मिळतील' या हिशेबावर बसू नका. कॉमन ॲपची मुदत अर्जदाराच्या स्थानिक वेळेनुसार रात्री 11.59 ला संपते. म्हणजे पुण्यात बसून भरत असाल, तर पुण्याच्या घड्याळात.