अमेरिकन कोर्ट-मार्शलमध्ये बचावासाठी एक्स्पर्ट मागताय? या चुका टाळा

अमेरिकन सैन्यात आरोपीला सरकारी खर्चाने एक्स्पर्ट मिळू शकतो आणि त्यासाठी खिसा रिकामा असायची अट नाही, हे १९८६ च्या गॅरीज केसपासून स्पष्ट आहे. तरी अर्ज फेटाळले जातात, कारण मागणीच मोघम असते.

"केसमध्ये डीएनए आहे, म्हणून डीएनए एक्स्पर्ट द्या", एवढ्यावर काही होत नाही. कोर्ट १९९४ च्या गोन्झालेझ केसमधले तीन प्रश्न विचारणार: एक्स्पर्ट कशाला हवा, तो नेमकं काय करून देणार, आणि ते काम वकिलाला स्वतःला का जमत नाही. पहिल्या दोनवर पानंच्या पानं भरायची आणि तिसरा "आम्ही वकील, शास्त्रज्ञ नाही" म्हणून एका ओळीत उरकायचा, इथेच घोळ होतो. वकिलाने आधी स्वतः अभ्यास केलेला असावा अशी कोर्टाची अपेक्षा असते, त्यामुळे काय वाचलंत, सरकारी लॅबच्या माणसाशी बोललात का, त्याने काय सांगितलं आणि शेवटी कुठे येऊन अडलात ते सगळं लिहा, अगदी कंटाळवाणं वाटलं तरी.

दुसरी चूक, "बघूया काही सापडतंय का" टाइप अर्ज. २०१० च्या लॉइड केसमध्ये भोसकल्याचा आरोप होता, बचावाला रक्ताच्या डागांचा एक्स्पर्ट हवा होता, पण कारण काय तर सगळ्या शक्यता तपासायच्या आहेत. नकार अपीलातही कायम राहिला. त्यापेक्षा "अमुक कपड्यावरचा डाग साक्षीदाराच्या सांगण्याशी जुळत नाही, ते तपासून हवंय" असं बोट ठेवून लिहा. पण अर्जाची प्रत समोरच्या पक्षाकडेही जाऊ शकते हं, सगळे पत्ते उघडे करू नका.

कन्सल्टंट (पडद्यामागून वकिलाला सल्ला देणारा एक्स्पर्ट) आणि साक्षीदार (कोर्टात साक्ष देणारा एक्स्पर्ट) यांची गल्लतही नेहमीची. बचावाच्या टीमवर नेमलेला कन्सल्टंट वकील-अशील गोपनीयतेच्या छत्राखाली येतो, त्यालाच साक्षीला उभं केलं की ते छत्र फाटतं. कोण कशासाठी हवाय ते आधी ठरवा.

नाव हट्टाने एकच धरून बसू नका, आपल्या पसंतीचाच माणूस मिळावा असा हक्क नाही, सरकार पुरेसा पर्याय देऊ शकतं. पण पर्याय "पुरेसा" हवा. २००५ च्या वॉर्नर केसमध्ये बाळाला जोरात हलवून इजा केल्याचा आरोप होता, सरकारने स्वतःकडे त्या विषयातला नावाजलेला तज्ज्ञ ठेवला आणि बचावाला त्या तोडीचा दिलाच नाही, तिथे अपील कोर्टाने बचावाची बाजू घेतली. म्हणून दोघांचे बायोडेटा शेजारी-शेजारी ठेवून फरक दाखवा.

खर्चाचा अंदाज अर्जातच द्या. मंजुरीआधी काम सुरू करून घेतलंत तर एक्स्पर्टची फी लटकते. अर्ज कोणत्या टप्प्यावर कुणाकडे द्यायचा ते कोर्ट-मार्शलच्या नियमांच्या चालू मॅन्युअलमधून बघून घ्या, जुना नमुना कॉपी-पेस्ट करू नका.

आणि कन्व्हीनिंग ऑथॉरिटीने (कोर्ट-मार्शल बोलावणारा लष्करी अधिकारी) नाही म्हटलं की गप्प बसायचं नाही, जजसमोर तीच मागणी पुन्हा ठेवायची, रेकॉर्डवर, म्हणजे पुढे अपीलात तो मुद्दा मांडता येतो. मॅकॲलिस्टरच्या खून खटल्यात जजनेही नवा डीएनए एक्स्पर्ट आणि फेरतपासणी नाकारली होती. अपीलाच्या टप्प्यावर ती तपासणी झाली, तिघा अनोळखी माणसांचा डीएनए सापडला, आणि २००७ मध्ये खुनाची शिक्षा रद्द झाली.