आजारी नवजाताला नाशिकला हलवताना
पेठ किंवा सुरगाण्यासारख्या तालुक्याहून आजारी बाळ नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातील एसएनसीयूकडे (आजारी नवजातांच्या विशेष कक्षाकडे) निघते, तेव्हा मूळ आजाराच्या जोडीला गारठा, हादरे आणि गोंगाट हेही त्याला सोसावे लागतात. म्हणून घाईने गाडीत घालण्यापेक्षा आधी बाळाला स्थिर करणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

पहिली काळजी उबेची. नवजात बाळ मोठ्यांसारखे कुडकुडत नाही. ते अंगातील तपकिरी चरबी जाळून ऊब निर्माण करते, त्यात ऑक्सिजन आणि साखर दोन्ही खर्च होतात आणि आधीच धापणारे बाळ अधिकच थकते. त्यामुळे काखेतील तापमान शक्यतो ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसमध्ये आणून, रक्तातील साखर तपासून मगच निघावे, आणि हिवाळ्यात गाडी आधीच गरम करून ठेवावी. ट्रान्सपोर्ट इन्क्युबेटर (प्रवासात बाळाला उबदार ठेवणारी पेटी) नसेल आणि बाळाचा श्वास स्थिर असेल, तर टोपडे व लंगोट घातलेले बाळ आईच्या उघड्या छातीशी कांगारू पद्धतीने बांधावे. गरम पाण्याची बाटली मात्र कधीही लावू नये, कारण त्या कोवळ्या त्वचेला भाजायला वेळ लागत नाही. वाटेत हाताची पाठ आधी पोटाला, मग तळपायाला लावून पाहावी: पोट उबदार आणि तळपाय गार लागले, तर बाळाला थंडीचा ताण सुरू झाला आहे.

पेठ-नाशिक रस्त्यावरील सावळ घाटाच्या वळणांवर चालकाचा पाय हेच औषध असते. गर्भारपणाचे बत्तीस आठवडे पूर्ण होण्याआधीच जन्मलेल्या बाळाच्या मेंदूतील रक्तवाहिन्या अतिशय नाजूक असतात, पहिल्या तीन दिवसांत तेथे रक्तस्राव होण्याचा धोका सर्वाधिक असतो आणि जोराचे ब्रेक व धक्के रक्तदाबात चढउतार घडवू शकतात. म्हणून वेग एकसारखा ठेवावा, बाळाखाली मऊ गादी घालावी, घडी केलेल्या कापडाच्या आधाराने डोके मध्यरेषेत ठेवावे आणि नळी बदलायची किंवा बाळाला तपासायचे असेल, तर गाडी कडेला थांबवावी.

नवजात कक्षात आवाज ४५ डेसिबलपेक्षा कमी असावा असे मानतात. धावत्या रुग्णवाहिकेत तो याहून बराच जास्त असतो. सायरन वाहतूक अडली असेल तेव्हाच वाजवावा, बोलणे हळू ठेवावे.

निघताना एसएनसीयूला फोन करावा, म्हणजे वॉर्मर (बाळाला ऊब देणारे उपकरण) तापलेला मिळतो, आणि पोहोचल्यावर बाळाला उघड्या आवारातून कपड्यात गुंडाळून धावत न नेता इन्क्युबेटरसह किंवा आईच्या छातीशीच आत न्यावे.